चार रुपये महिन्याचा गोलंदाज

दापोडी संपते तिथे मुळा नदी लागते आणि नदीवर हॅरिस पूल. पिंपरी-चिंचवड आणि पुणे यांच्यामध्ये रोज ये-जा करणाऱ्यांना हे नाव माहीत असतं ते मुख्यतः वाहतूक कोंडीमुळे. हे हॅरिस म्हणजे १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस. राज्यकारभारापेक्षा क्रिकेटमुळे त्यांचं नाव मोठं होतं. केंटचं आणि इंग्लंडचं कप्तानपद त्यांनी भूषवलं होतं. पावसाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीच्या बंगल्यात असे. आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच. १८९३ साली मुंबईत दंगल पेटली, तेव्हा लाटसाहेब इकडे क्रिकेटमध्ये गुंतलेले होते, अशी टीका त्यांच्यावर झाली.

लाटसाहेब खेळत ते हौसेनं. त्यांच्या हातावर या खेळाचे पैसे ठेवायला कुणी धजलंही नसतं. त्याच वर्षांत, तिथून काही मैलांवर, पुण्याच्या लष्करी भागात एक पोरसवदा तरुण मात्र क्रिकेटच्या पैशांवर घराला हातभार लावत होता. पगार महिना चार रुपये. कामं तीन: खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचं आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. त्याचं नाव बाळू पालवणकर. भारतात क्रिकेटवर पोट भरणाऱ्या सुरुवातीच्या खेळाडूंमध्ये सर्वांत मोठं नाव त्याचंच.

पैसे घेऊन खेळणारे

एकोणिसाव्या शतकात पैसे घेऊन खेळणं फारसं प्रतिष्ठेचं नव्हतं. इंग्लंडमध्ये तर क्रिकेटपटूंची उघड दोन गटांत विभागणी होती. हौशी ते ‘जंटलमेन’ आणि पगारी ते ‘प्लेअर्स’. या दोन गटांमधले सामने १८०६ साली सुरू झाले आणि १९६२ पर्यंत चालले. हौशी आणि पगारी खेळाडू एकाच संघातून खेळत, पण त्यांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या असत. मैदानात उतरण्याची फाटकंही वेगळी असत. धावफलकाच्या छापील कागदावरसुद्धा कोण हौशी आणि कोण पगारी हे नाव लिहिण्याच्या पद्धतीवरून ओळखू येई. कामाची वाटणीही ठरलेली होती. फलंदाजी ही खानदानी माणसाची शान आणि घाम गाळून दिवसभर चेंडू टाकणं हे पगारी माणसाचं काम. संघाचं नेतृत्व हौशी माणसाकडेच असे, मग त्याचा खेळ बेताचा का असेना.

अमेरिकेत हे गणित लवकर बदललं. त्यातला एक महत्त्वाचा माणूस क्रिकेटच्याच घरातून आला होता. हॅरी राईटचा जन्म १८३५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डचा. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबमध्ये पगारी खेळाडू होते आणि मैदानाची देखभालही त्यांच्याकडेच होती. हॅरीही तिथे पगारी क्रिकेटपटू झाला. पुढे सिनसिनाटीच्या क्रिकेट क्लबनं त्याला नोकरीवर बोलावलं आणि तिथे तो बेसबॉलकडे वळला. १८६९ साली त्यानं सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा संघ उभा केला. सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा हा बेसबॉलमधला पहिला संघ. हॅरीचा स्वतःचा पगार हंगामाला १,२०० डॉलर होता आणि त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज याचा १,४००. त्या हंगामात हा संघ एकही सामना हरला नाही.

आपल्या दृष्टीनं यातली महत्त्वाची बाब वेगळीच आहे. या संघाचा कप्तान आणि व्यवस्थापक हॅरी राईटच होता. पगार घेणारा माणूसच इतर पगारी माणसांना हुकूम देत होता आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. ही गोष्ट पुण्यामुंबईत घडायला किती वर्षं लागली, ते बाळू पालवणकरांच्या आयुष्यातून कळतं.

रोलरपासून नेटपर्यंत

बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडला झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. घर चर्मकार समाजातलं, म्हणजे त्या काळच्या समाजानं अस्पृश्य ठरवलेलं. वडील लष्कराच्या चाकरीत होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं आणि बंदुका साफ करण्याचं काम ते करत, असं सांगितलं जातं. हा कारखाना १८६९ साली सुरू झालेला, म्हणजे पिंपरीत पहिला मोठा कारखाना येण्याच्या जवळजवळ शतकभर आधी. मुळेच्या काठावर तासांवर आणि पगारावर चालणारं आयुष्य तेव्हाच रुजलं होतं. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम लष्करातल्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंनी खेळत वाढले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि मधूनमधून सभासदांना चार चेंडू टाकायचे. पगार तीन रुपये. १८९२च्या आसपास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले आणि पगारात एक रुपयाची भर पडली. तिथे ट्रॉस नावाच्या एका साहेबानं त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करायला उभं केलं. काही दिवसांतच साहेब मंडळींच्या ध्यानात आलं की रोलर ओढणाऱ्या या पोराचे चेंडू सहजासहजी खेळता येत नाहीत.

बाळूंची गोलंदाजी डावखुरी आणि संथ फिरकीची. अशा गोलंदाजाचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजासमोर टप्पा घेऊन बाहेरच्या बाजूला वळतो. बाळू वेग बदलत, चेंडूची उंची बदलत आणि अधूनमधून चेंडू आतही आणत. ही कला वेतनावरच्या कष्टातून घडली होती. क्लबातले फलंदाज आळीपाळीनं सराव करून निघून जात. गोलंदाज मात्र तोच राही. त्यामुळे वर्षानुवर्षं, दिवसाचे कित्येक तास, वेगवेगळ्या फलंदाजांचे पाय, खांदे आणि डोळे वाचण्याची संधी बाळूंना मिळाली. इंग्रज खेळाडूंनी पुढे त्यांना ‘भारताचा ऱ्होड्स’ म्हटलं. विल्फ्रेड ऱ्होड्स हा यॉर्कशायरचा डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि तोही पगारीच.

कॅप्टन जे. जी. ग्रेग हा पूना क्लबातला सर्वांत चांगला फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजीला लावी. आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे देण्याचं त्यानं कबूल केलं होतं, अशी आठवण सांगितली जाते. महिन्याभरात साहेबाला आठ वेळा बाद केलं की पगार दुप्पट! पण इतक्या वर्षांत पूना क्लबात बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. गोलंदाजी ही चाकरी होती, ती चालत होती. फलंदाजी हा मान होता.

पॅव्हेलियनबाहेरचा चहा

पुण्यात हिंदूंचाही क्रिकेट क्लब होता आणि युरोपियनांना हरवण्याची त्यांची फार इच्छा होती. बाळूंना संघात घ्यायचं की नाही यावर क्लबात फाटाफूट झाली. तेलुगू सभासदांनी त्यांची बाजू घेतली, तर काही ब्राह्मण सभासदांनी विरोध केला. अखेर बाळू संघात आले, पण मैदानाच्या दोरीपुरतेच. चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून मिळे. हात-तोंड धुवायचं तर त्यांच्याच जातीचा नोकर एका कोपऱ्यात पाणी आणून देई. जेवण वेगळ्या ताटात आणि वेगळ्या टेबलावर. चेंडू मात्र सगळ्यांच्या हातून फिरत होता.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना त्या काळी गाजला. बाळूंच्या फिरकीला काही मिळू नये म्हणून यजमानांनी कितीतरी दिवस खेळपट्टी रोलरनं दाबून ठेवली होती, असं म्हणतात. बाळूंनी तरीही सात बळी घेतले आणि हिंदू जिंकले. पुण्यात विजयाचा समारंभ झाला. महादेव गोविंद रानडे यांनी त्या निमित्तानं हिंदू खेळाडूंना जाहीरपणे सुनावलं. त्यांचं म्हणणं असं होतं की बाळूंच्या जोडीनं खेळायला चालतं, तर त्यांच्याबरोबर चहा घ्यायला आणि जेवायलाही चाललं पाहिजे. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीच्या तोंडून हे आल्यावर क्लबातल्या भिंती थोड्या ढिल्या झाल्या.

त्याच्या काही वर्षं आधी अटलांटिकपलीकडे दुसरा एक पगारी खेळाडू अशाच भिंतीशी झगडत होता. बड फाउलर हा व्यावसायिक बेसबॉल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय मानला जातो. १८७८ साली तो मॅसॅच्युसेट्समधल्या लिन शहराच्या संघाकडून खेळला. घरचा धंदा केशकर्तनाचा. पगार थकला किंवा संघानं काढून टाकलं की फाउलर कैची-वस्तऱ्यावर गुजराण करी. १८८७ साली बिंगहॅम्टनच्या संघातल्या गोऱ्या खेळाडूंनी त्याच्याबरोबर खेळायला नकार दिला आणि त्याला संघ सोडावा लागला. त्याच वर्षी जुलै महिन्यात इंटरनॅशनल लीगनं यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंना करारबद्ध करायचं नाही, असा ठराव केला.

या दोघांच्या वाटा इथे वेगळ्या होतात. फाउलरच्या अमेरिकेत भेद संघाच्या दारातच आडवा आला आणि तिथून पुढचं सारं बंद झालं. बाळूंच्या पुण्यात संघाचं दार उघडलं, पण आत गेल्यावर प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप होतं.

मुंबईची नोकरी

१८९६च्या अखेरीस पुण्यात प्लेग पसरला. पुढच्या वर्षी २२ जूनला चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या या धास्तीच्या दिवसांत बाळूंनी पुणे सोडलं आणि ते मुंबईला गेले. तिथे ते लष्करात काही काळ नोकरीला होते. नंतर त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत काम मिळालं आणि रेल्वेच्या संघाकडून ते खेळू लागले.

पुण्यातली नोकरी आणि ही नोकरी यांत मोठा फरक होता. पूना क्लबात बाळू मैदानाचे नोकर होते. रेल्वेत ते कर्मचारी होते आणि कंपनीचं नाव राखणारे खेळाडूही. खेळाडूला नोकरी द्यायची आणि त्यानं कंपनीसाठी खेळायचं, ही पद्धत पुढे देशभर रुळली. रेल्वे, बँका, लष्कर आणि नंतर मोठमोठे कारखाने यांनी कबड्डीपासून हॉकीपर्यंतचे कितीतरी खेळाडू याच पद्धतीनं पोसले. आज पिंपरी-चिंचवडमध्ये ‘खेळाच्या जोरावर नोकरी लागली’ असं सांगणारी जी पिढी भेटते, तिच्या वाटेवरचा एक जुना मुक्काम बाळूंच्या या रेल्वेच्या नोकरीत आहे.

मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्याला काही सभासदांचा विरोध होता. कप्तान कीर्तिकरांनी तो मोडून काढला. बाळूंच्या पाठोपाठ शिवरामही आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि युरोपियनांना १९१ धावांत रोखलं. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत आटोपले, पण युरोपियनांचा दुसरा डाव १०२ धावांतच कोसळला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद मैदानाबाहेरही पसरला. त्यापेक्षा लांबवर पोहोचणारी गोष्ट अशी की मुंबईच्या जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतरांच्या बरोबरीनं जेवायला बसू लागले होते. समाजसुधारकांच्या वृत्तपत्रांनी तेव्हा याची आवर्जून दखल घेतली.

११४ बळी

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय वर्षं १९. महाराज मोजकेच सामने खेळले. दरबार आणि मेजवान्या यांतून त्यांना खेळायला फारशी सवड मिळाली नाही. संघ १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी १० हरला आणि लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोनच संघांना हरवू शकला.

या पडझडीत बाळू एकटे उठून दिसतात. खांदा दुखत असतानाही त्यांनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणी सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावा देऊन आठ बळी ही त्यांची कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी. वय तेव्हा पस्तिशीला आलेलं. उमेदीची वर्षं पूना क्लबाच्या नेटमध्ये खर्ची पडली होती आणि तिथले बळी कुठल्याच वहीत नोंदले गेले नाहीत. प्रथम श्रेणीच्या नोंदीत त्यांचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. ही नोंद १९०५-०६ पासून सुरू होते, म्हणजे बाळू तिशीला टेकल्यानंतर.

परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारातल्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलं जातं. समाजातल्या शिकणाऱ्या मुलांपुढे आदर्श म्हणून उभं करता येईल, असं त्या काळी हे एक मोठं नाव होतं.

कप्तान कोण?

पगार मिळाला, संघात जागा मिळाली, पंक्तीला पान मिळालं. मग बाळूंचे चाहते विचारू लागले की कप्तानपद का नाही? संघात त्यांच्याइतका अनुभवी कुणी नव्हता. तरीही दर वर्षी दुसऱ्याचं नाव पुढे येई. एम. डी. पै यांची निवड झाली, तेव्हा १९१३ साली एका समारंभात खुद्द पै यांनीच सांगितलं की ज्येष्ठतेनं हा मान बाळूंचा होता.

गोलंदाज कितीही चांगला असला तरी तो हुकूम पाळतो. कप्तान हुकूम देतो. क्षेत्ररक्षकांना जागा दाखवतो, कुणी कधी गोलंदाजी करायची ते ठरवतो, दुसऱ्या संघाच्या कप्तानाशी बरोबरीनं नाणेफेकीला उभा राहतो. पालवणकरांच्या घरच्या माणसानं उच्चवर्णीयांना मैदानावर ‘इकडे उभे राहा, तिकडे जा’ असं सांगावं, ही कल्पनाच निवड समितीला पेलवत नव्हती. इंग्लंडमध्येही पगारी माणसाला नेतृत्व देणं लोकांना रुचत नव्हतं. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचं नियमित कप्तानपद मिळवणारा पहिला पगारी खेळाडू लेन हटन, आणि तो दिवस उजाडायला १९५२ साल यावं लागलं. बाळूंच्या वाट्याला पगाराचा कमीपणा आणि जातीचा कमीपणा एकाच वेळी आला होता.

१९२० साली हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन या संघांची चौरंगी स्पर्धा भरली. पै आजारी पडले आणि कप्तानपद दि. ब. देवधरांना मिळालं. या वेळी पालवणकरांनी गप्प राहायचं नाकारलं. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आपल्याला डावललं जात असल्याचं स्पष्ट म्हटलं. बरीच चर्चा झाली, पत्रव्यवहार झाले. पुढच्या सामन्यासाठी पै परतले, भाऊही परतले आणि बाळूंना उपकप्तान केलं गेलं. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा बाळूंनी संघ चालवला. ते त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीच्या अखेरचे दिवस होते.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. विजयानंतर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. बाळूंबद्दल आपल्याला जे घरातून आलेलं कळतं, त्यातलं बरंच या पुस्तकातून.

बाळू मुंबईला हिंदूंकडून खेळू लागले तेव्हापासून विठ्ठलच्या कप्तानपदापर्यंत सुमारे पाव शतक गेलं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही जवळपास असंच घडलं. फाउलरच्या काळात बंद झालेलं दार जॅकी रॉबिन्सननं १९४७ साली उघडलं. मेजर लीगमधल्या संघाचा व्यवस्थापक म्हणून कृष्णवर्णीय माणूस, फ्रँक रॉबिन्सन, नेमला गेला तो १९७५च्या हंगामासाठी. मध्ये २८ वर्षं. दोन देश, दोन खेळ आणि दोन तऱ्हांचे भेद, पण क्रम एकच. चांगल्या खेळाडूला संघात घेणं समाजाला त्या मानानं लवकर जमतं, कारण त्यातून संघाचा फायदा होतो. त्याच्या हाताखाली खेळायला तयार होणं मात्र फार उशिरा जमतं.

खेळानंतर

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात पुणे करार झाला, त्यावर त्यांची सही आहे. धर्मांतराची घोषणा करणाऱ्या आंबेडकरांची वाट त्यांना पटली नाही. १९३७च्या निवडणुकीत मुंबईतल्या राखीव जागेवर काँग्रेसनं आंबेडकरांच्या विरोधात बाळूंनाच उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं मिळाली आणि बाळूंना ११,२२५. एके काळी ज्यांच्या सत्काराशी आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं, तेच आता मतपेटीत समोर होते. बाळूंनी आयुष्यभर भिंतीच्या आत शिरून एकेक कुलूप उघडलं होतं. आंबेडकरांना तो वाडाच सोडायचा होता. दोघांनीही अपमान सोसला होता आणि दोघांनी त्यावर वेगवेगळे उपाय शोधले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं.

आता पिंपरी-चिंचवडमध्ये खेळाचा पगार ही लपवायची गोष्ट राहिलेली नाही. जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. चेन्नई सुपर किंग्जनं त्याला २० लाख रुपयांना घेतलं आणि काही वर्षांत ती रक्कम १८ कोटींवर गेली. अशा आकड्यांनी डोळे दिपतात, आणि बाळूंच्या चार रुपयांशी त्यांची तुलना करण्याचा मोह कुणालाही होईल. पण बाळूंच्या आयुष्याशी जोडायचं असेल तर दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे. मार्च २०२४ मध्ये ऋतुराजला त्याच संघाचं कप्तानपद मिळालं. खेळावर पोट भरणारा माणूस संघाला हुकूम देणार, यात कुणालाही नवल वाटलं नाही. निवड योग्य की अयोग्य यावर वाद झाले, तेही फक्त त्याच्या क्रिकेटवरून. बाळूंच्या काळातल्या निवड समितीला नेमकं एवढंच जमलं नव्हतं.